अंगी लागतं, पण रक्तात दिसत नाही: जादा वजन आणि ए, डी, ई, के

"आठ आठवडे दर रविवारी साठ हजारांची पुडी घेतली, तरी व्हिटॅमिन डी १२ वरून जेमतेम २० वर आलं. माझ्या अंगीच लागत नाही बहुतेक." (साठ हजार म्हणजे ६०,००० आययू, हे डीच्या डोसाचं माप; १२ आणि २० म्हणजे एक मिलिलीटर रक्तातले डीचे नॅनोग्रॅम.) ठाणे-नवी मुंबईत आहारसल्ल्याचं काम करणाऱ्या कुणालाही ही तक्रार पाठ असते. तक्रार करणाऱ्याचं वजन पुष्कळदा नव्वदच्या आसपास असतं. त्याच घरातल्या साठ किलोच्या माणसाने तीच पुडी तितकेच आठवडे घेतलेली असते आणि त्याचा आकडा पस्तिशीला पोचलेला असतो. मग पुडीची कंपनी बदलली जाते, पुडीऐवजी इंजेक्शन मागितलं जातं, नाहीतर सगळंच सोडून दिलं जातं. यातलं काहीच करायची गरज नसते. "अंगी लागत नाही" हे निदानच चुकलेलं असतं.

आतड्यात काय होतं ते आधी पाहू. ए, डी, ई आणि के ही चार जीवनसत्त्वं पाण्यात विरघळत नाहीत, मेदात विरघळतात. जेवणात थोडं तेल-तूप आलं की पित्ताशय आकुंचन पावतं आणि लहान आतड्यात पित्त सोडतं. साबणाने तेलकट कढई धुताना तेलाचे बारीक बारीक थेंब होतात, तसंच पित्त मेदाचं करतं. त्या थेंबांत बसून ही जीवनसत्त्वं आतड्याच्या पेशींपर्यंत जातात. तिथे त्यांची नवी बांधणी होते, त्या गाठोड्यांना कायलोमायक्रॉन म्हणतात. ती आधी लसिकावाहिन्यांत उतरतात आणि मग रक्तात मिसळतात. या वाटेत तीन ठिकाणी अडचण येऊ शकते: जेवणात मेदच नसणं, पित्त न पोचणं आणि पेशींत गाठोडं नीट न बांधलं जाणं. नुसतं वजन जास्त असल्याने, निदान डीच्या बाबतीत, या तिन्हींपैकी काही मोठं बिघडत नाही. खरा फरक पडतो तो डी रक्तात पोचल्यानंतर.

याचा सगळ्यात बोलका पुरावा २००० साली प्रसिद्ध झालेल्या बोस्टनच्या एका प्रयोगात आहे. १९ सडसडीत आणि १९ स्थूल माणसांना सर्वांगावर सारख्याच अतिनील किरणांचा डोस दिला गेला. म्हणजे आतडं, पचन, पित्त या सगळ्यांना वगळून डी थेट कातडीत तयार झालं. दोन्ही गटांच्या कातडीत डी तयार होण्याची क्षमता सारखीच होती. तरीही २४ तासांनी रक्तात पाहिलं, तर स्थूल गटातली वाढ ५७ टक्क्यांनी कमी होती. तयार झालेलं डी वाटेतच कुठेतरी थांबलं होतं. तोंडावाटे ५०,००० आययू दिल्यावरही बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) जितका जास्त, तितकी रक्तातल्या डीची कमाल पातळी कमी, असंच दिसलं.

ते थांबतं चरबीच्या पेशींत, आणि काही प्रमाणात स्नायूंत व इतर ऊतींतही. एक चमचा मीठ पेलाभर पाण्यात टाकलं तर खारट लागतं, तेच हंडाभर पाण्यात टाकलं तर जाणवतही नाही. मीठ कुठे गेलेलं नसतं, भांडं मोठं झालेलं असतं. ६० किलोच्या शरीरात १५ किलो चरबी असेल आणि ९५ किलोच्या शरीरात ३८ किलो, तर तोच साठ हजारांचा चमचा दुसऱ्या भांड्यात कितीतरी पातळ होतो. शिवाय चरबी आत घेतलेलं डी लगेच परत देत नाही, हळूहळू सोडते. म्हणून अंगी लागत नाही असं म्हणण्यापेक्षा अंगी लागतं, रक्तात कमी दिसतं, असं म्हणणं बरोबर. दुसरंही एक कारण आहे. डीचं पहिलं रूपांतर यकृतात होतं आणि रिपोर्टमध्ये मोजतात ते हेच रूपांतरित डी. स्थूल उंदरांच्या यकृतात हे काम करणारं एन्झाइम मंदावलेलं आढळलं आहे. माणसांत त्याचा वाटा किती हे अजून पक्कं नाही, भांड्याच्या आकाराचं कारण जास्त पक्कं आहे, म्हणून पुढचा हिशेबही त्यावरच करते.

त्याआधी एक गैरसमज. "डी कमी आहे म्हणून वजन वाढतंय" असं सांगून गोळ्या विकल्या जातात. २०१३ मध्ये २१ अभ्यासांतल्या सुमारे ४२ हजार लोकांच्या जनुकांचा आधार घेऊन हा बाण कुठल्या दिशेने जातो ते तपासलं गेलं. बीएमआय १० टक्के जास्त असेल तर डी सुमारे ४ टक्क्यांनी कमी, हे निघालं. उलट दिशेने, म्हणजे कमी डीमुळे वजन वाढतं, याला आधार मिळाला नाही. डीच्या गोळ्यांनी वजन उतरत नाही. वजन उतरलं तर मात्र डी थोडं वर येतं. आणि "थोडं" हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण मूळ वजनाच्या १५ टक्क्यांहून जास्त उतरलं तरच वाढ डोळ्यांत भरण्याइतकी होते. पाच-सात टक्क्यांनी उतरलेल्या वजनाने रिपोर्टमध्ये दोन-तीन नॅनोग्रॅमचाच फरक पडतो.

आता हिशेब. स्थूल लोकांवर झालेल्या एका अभ्यासातून एक उपयोगी प्रमाण मिळालं: रक्तातलं डी १ नॅनोग्रॅमने वाढवायला रोज वजनाच्या दर किलोमागे साधारण २.५ आययू लागतात. ९५ किलोच्या माणसाला १५ वरून ३० वर जायचं असेल, तर ९५ गुणिले २.५ गुणिले १५, म्हणजे रोज सुमारे ३,५०० आययू. ६० किलोच्या माणसाला तेवढ्याच वाढीसाठी सुमारे २,२५०. आता आपल्याकडची रूढ पद्धत या मापाने तपासा. दर आठवड्याला ६०,००० म्हणजे रोजचे सुमारे ८,५००. आठ आठवडे एवढा डोस बहुतेकांना वर खेचतो. खरी गडबड त्यानंतर होते, कारण मग "आता महिन्यातून एक घ्या" असं सांगितलं जातं. महिन्याला ६०,००० म्हणजे रोज फक्त २,०००. साठ किलोच्या माणसात तेवढ्याने सुमारे १३ नॅनोग्रॅमची वाढ टिकते, पंचाण्णव किलोच्या माणसात सुमारे ८ ची. म्हणून सहा महिन्यांनी जड माणसाचा आकडा परत घसरलेला दिसतो आणि पथ्य पाळलं नाही असा ठपका त्याच्यावरच बसतो. हा ठपका अन्यायाचा आहे.

अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीच्या (संप्रेरकतज्ज्ञांच्या संघटनेच्या) २०११ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये स्थूल लोकांना नेहमीच्या दोन ते तीन पट डी लागतं, असं स्पष्ट लिहिलं होतं. २०२४ च्या सूचनांचा सूर वेगळा आहे. त्यांनी ३० नॅनोग्रॅमच्या रेषेचा आग्रह सोडला आणि केवळ वजन जास्त आहे म्हणून सरसकट सगळ्यांची तपासणी करू नका, असं सांगितलं. या दोन्हींत मला विरोध वाटत नाही. ज्याला हाडदुखी, स्नायूंची कमजोरी, मूत्रपिंडाचा आजार, हाडांची झीज किंवा पचनाचा विकार आहे, त्याने तपासावं आणि वजनाप्रमाणे डोस घ्यावा. ज्याला काहीच त्रास नाही, त्याने निव्वळ हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये आलेला १८ हा आकडा पाहून घाबरू नये. जादा वजनाच्या माणसात डीचा आकडा कमी असूनही हाडांची घनता पुष्कळदा चांगली असते, कारण भार पेलून हाडं मजबूत राहतात. डीसोबत पीटीएच (रक्तातलं कॅल्शियम सांभाळणारं संप्रेरक) आणि कॅल्शियम पाहिलं की आकडा खरोखर खटकतोय का, ते जास्त नीट कळतं.

किती घ्यायचं हे डॉक्टर ठरवतील, कसं घ्यायचं हे मात्र घरातच ठरतं आणि चुकाही तिथेच होतात. पहिली चूक सकाळी रिकाम्या पोटी, नाहीतर चहाबरोबर घेण्याची. एका अभ्यासात डीची गोळी मेद असलेल्या जेवणाबरोबर दिली, तेव्हा रक्तातल्या डीची कमाल पातळी मेदविरहित जेवणापेक्षा ३२ टक्क्यांनी जास्त आली. दुसऱ्या एका लहान अभ्यासात लोकांना दिवसातल्या सगळ्यात मोठ्या जेवणाबरोबर गोळी घ्यायला सांगितलं, तर दोन-तीन महिन्यांत आकडे सरासरी ५० टक्क्यांहून जास्त वाढले. डोस तोच, वेळ बदलली. आणि त्यासाठी तुपाची धार लागत नाही. जेवणात १० ते १५ ग्रॅम मेद पुरतो. भाजी-आमटीच्या फोडणीतलं दोन चमचे तेल म्हणजेच सुमारे १० ग्रॅम. वीस ग्रॅम, म्हणजे छोटी मूठभर शेंगदाण्यांतही जवळपास तेवढाच. एका उकडलेल्या अंड्यात ५ ग्रॅम. फुल क्रीम दुधाच्या २०० मिलिलीटरच्या पेल्यात १२, टोन्डमध्ये ६, डबल टोन्डमध्ये फक्त ३. वजन कमी करायचं म्हणून दुपारी नुसतं फळ आणि डबल टोन्ड ताक घेऊन त्याबरोबर डीची कॅप्सूल गिळणाऱ्यांचा इथेच घाटा होतो. रविवारची पुडी रविवारच्या जेवणाच्या शेवटी घ्या. दाणेदार पुडी दुधात घालून प्यायची तर दूध डबल टोन्ड नसावं, आणि पेल्याच्या तळाशी बसलेले दाणे थोडं दूध घालून परत ढवळून प्यावेत, नाहीतर डोसाचा बराच भाग बेसिनमध्ये जातो.

दुसरी चूक याहून खूप धोकादायक आहे: आठवड्याची पुडी रोज घेणं. चिठ्ठीवरचं घाईतलं अक्षर, घरातल्या आजींना तोंडी दिलेली सूचना, केमिस्टने पाकिटावर काढलेली एक उभी रेघ, यातून ती होते. रोज ६०,००० दीड-दोन महिने घेतले की रक्तातलं कॅल्शियम वाढू लागतं. उलट्या, अन्नावरची वासना जाणं, बद्धकोष्ठ, सारखी तहान, सारखी लघवी, गोंधळलेपणा, पुढे मूत्रपिंडाला इजा. हंडा मोठा असला तरी त्यालाही काठ असतो. म्हणून पाकिटावर पेनाने "रविवार" असा वार लिहा आणि आठही तारखा कॅलेंडरवर खुणा करून ठेवा. सहा लाखांचं एकच इंजेक्शन मागू नका. मुतखडा, सारकॉइडोसिस (फुप्फुसांत वगैरे बारीक गाठी होण्याचा आजार), सक्रिय क्षयरोग किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय साठ हजारांना हातच लावू नका. या आजारांत साध्या डोसानेही कॅल्शियम चढू शकतं.

तिसरी चूक थायरॉइडच्या गोळीशी जोडलेली आहे आणि जादा वजनाच्या लोकांत ती सर्रास दिसते. सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची गोळी, अर्ध्या तासाने नाश्ता आणि लगेच कॅल्शियम-डीची एकत्र गोळी. कॅल्शियम थायरॉइडच्या औषधाचं शोषण अडवतं. दोन्हींत किमान चार तास अंतर हवं. कॅल्शियम-डी दुपारी किंवा रात्रीच्या जेवणाबरोबर घेतली की दोन्ही प्रश्न सुटतात.

उन्हाचं काय, हा प्रश्न येणारच. तलावपाळीला, उपवनला किंवा वाशीच्या सागर विहारला सकाळी साडेसहा-सातला चालणारे शेकडो लोक डी मिळतंय असं समजून चालतात. चालण्याचे फायदे खरे आहेत, डी मात्र त्या वेळेच्या तिरप्या उन्हात फारसं तयार होत नाही. खूण सोपी आहे: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हाच अतिनील-ब किरण कामाचे. ठाणं १९ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने डिसेंबरातही भर दुपारी सावली उंचीपेक्षा किंचित आखूडच राहते, म्हणजे ऊन वर्षभर उपलब्ध आहे. आडवं येतं ते पावसाळ्याचं चार महिन्यांचं मळभ, आणि काच. घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये बंद काचेच्या खिडकीतून सोफ्यावर येणारं ऊन अंग तापवतं, पण काच अतिनील-ब किरण अडवते. एसी गाडीत आणि ऐरोली-महापेच्या काचेच्या इमारतींतही तेच. सावळ्या कातडीला हात-पाय उघडे ठेवून दुपारी अर्धा-पाऊण तास लागू शकतो, आणि जादा वजन असेल तर त्यातून रक्तात पोचणारं डी वर सांगितल्याप्रमाणे आणखी कमी. एप्रिल-मेच्या दुपारी नव्वद किलोच्या माणसाला उन्हात उभं करणं मला पटत नाही. उन्हाळ्यात सकाळी साडेनऊ-दहाची वेळ बघा, आणि बाकी गोळीवर सोडा.

जेवणातून डी थोडंच मिळतं, पण ते रोज मिळतं. पिशवीवर निळ्या रंगात '+एफ' असं चिन्ह असलेल्या, म्हणजे वरून जीवनसत्त्वं मिसळलेल्या दुधात एका लिटरला ५ ते ७.५ मायक्रोग्रॅम, म्हणजे २०० ते ३०० आययू डी असतं. अर्धा लिटर दूध-दह्याने १०० ते १५० आययू होतात. तशाच तेलाच्या २५ ग्रॅममधून ११० ते १६०. अंड्याच्या एका पिवळ्या बलकात जेमतेम ४०. आयसीएमआर-एनआयएनने २०२० मध्ये रोजची गरज ६०० आययू धरली, आणि तीही सर्वसाधारण वजनाच्या माणसासाठी. मासे खाणाऱ्यांनी तारली आणि बांगडा घ्यावा, हे तेलकट मासे आहेत. बोंबील चविष्ट असला तरी तो मेद नसलेला मासा, त्याच्याकडून डीची अपेक्षा नको. दिवाळ्याच्या किंवा चेंदणीच्या कोळणीला "तेलाचा बांगडा आलाय का" असं विचारलं तर ती अचूक दाखवते.

आता बाकीची तीन. इथे मला सगळ्यात जास्त काळजी वाटते, कारण "जाड माणसाला दुप्पट लागतं" हे डीचं गणित लोक ए आणि ईलाही लावतात. तसं करू नये.

व्हिटॅमिन ए दोन रूपांत येतं. दूध, अंडी, यकृत यांतून थेट ए, आणि गाजर, लाल भोपळा, माठ, शेपू, अळू, शेवग्याचा पाला यांतून बीटा-कॅरोटीन, ज्याचं शरीरात ए होतं. कॅरोटीनही चरबीत साठतं, त्यामुळे जादा वजनाच्या लोकांत त्याचं रक्तातलं प्रमाण कमी दिसतं. पण वजन कमी करायला निघालेला माणूस हे नुकसान स्वतःच वाढवतो: तेल नको म्हणून नुसतं किसलेलं गाजर लिंबू पिळून खातो. मेदाशिवाय कॅरोटीन जवळजवळ शोषलंच जात नाही. आपल्या गाजराच्या कोशिंबिरीवरची एक चमचा तेलाची हिंग-मोहरीची फोडणी आणि दोन चमचे दाण्याचं कूट हेच काम करतात. त्यातून साधारण ८ ते १० ग्रॅम मेद येतो, म्हणजे ७५ ते ९० कॅलरी. चौघांत वाटली तर प्रत्येकाला दोन-अडीच ग्रॅम, बाकीचा ताटातल्या इतर जेवणातून येतो. पालेभाजी शिजवून थोड्या तेलात परतली की पेशी फुटतात आणि कॅरोटीन मोकळं होतं. जांभळी नाक्यावरून आणलेली अळूची जुडी डाळ-दाणे घालून फदफदं करून खाल्ली तर ती कच्च्या सॅलडपेक्षा ए अधिक देते. गोळीतलं थेट ए मात्र यकृतात साठतं आणि जास्त झालं तर यकृतालाच बाधतं. दिवसाला ३,००० मायक्रोग्रॅम, म्हणजे १०,००० आययू ही वरची मर्यादा. गर्भारपणात किंवा बाळाचा विचार असताना ती ओलांडली तर गर्भात व्यंग येण्याचा धोका असतो. जादा वजन असलेल्यांच्या यकृतात पुष्कळदा आधीच चरबी साठलेली असते, तिथे एच्या वाढीव गोळ्यांचा भार टाकायचं काही कारण नाही.

व्हिटॅमिन ईची गोष्ट वेगळी, आणि शोषणाच्या दृष्टीने रंजक. इथे आतड्यातही थोडा फरक पडतो. अमेरिकेत २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मेटाबॉलिक सिंड्रोम असलेल्या लोकांत, म्हणजे पोटाचा घेर, रक्तदाब, साखर, ट्रायग्लिसराइड्स वाढलेल्यांत, ईचं शोषण सुमारे ३० टक्क्यांऐवजी २६ टक्के निघालं. बरोबर प्यायलेलं दूध सायीचं की बिनसायीचं, याने फरक पडला नाही. आतड्याच्या पेशींत गाठोडं बांधून बाहेर पाठवण्याचं काम मंदावतं, असा याचा अर्थ लावला जातो. रक्तात ई मोजताना आणखी एक फसगत होते. ई कोलेस्टेरॉल-ट्रायग्लिसराइड्सच्या कणांवर बसून फिरतं, त्यामुळे ज्याचं कोलेस्टेरॉल जास्त त्याचं ईही भरपूर दिसतं. रक्तातल्या मेदाशी गुणोत्तर काढल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. तरीही केस-कातडीसाठी ती हिरवी ४०० मिलिग्रॅमची कॅप्सूल महिनोन्महिने गिळू नका. दिवसाची गरज १५ मिलिग्रॅमच्या आत भागते. पुरुषांवरच्या एका मोठ्या चाचणीत रोज ४०० आययू ई घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्के जास्त आढळला. शेंगदाणे, सूर्यफूल-करडईचं तेल, बदाम एवढं पुरेसं आहे.

केबद्दल थोडक्यात. चरबीत तेही साठतं, पण ताटात रोज वाटीभर हिरवी पालेभाजी असेल तर कमतरता सहसा येत नाही. रक्त पातळ करणारी वॉर्फरिन किंवा एसेनोकुमारॉल घेणाऱ्यांनी मात्र डाएट सुरू केलं म्हणून पालक-मेथी अचानक दुप्पट करू नये आणि अचानक बंदही करू नये. रोजचं प्रमाण सारखं ठेवावं, बदलायचं असेल तर आयएनआर (रक्त किती वेळात गोठतं ते सांगणारी तपासणी) तपासून.

आता ज्या उपचारांनी आतड्यातलं शोषण खरंच कमी होतं, त्यांच्याकडे. वजन कमी करण्यासाठी दिली जाणारी ऑर्लिस्टॅटची गोळी जेवणातला सुमारे ३० टक्के मेद न पचवता बाहेर टाकते, आणि त्याबरोबर ही चारही जीवनसत्त्वं जातात. ती चालू असेल तर मल्टिव्हिटॅमिन जेवणाबरोबर घेऊन उपयोग नाही. रात्री झोपताना, शेवटच्या ऑर्लिस्टॅटनंतर किमान दोन तासांनी घ्या. वरच्या "जेवणाबरोबर घ्या" या नियमाचा हा अपवाद आहे. बद्धकोष्ठासाठी लिक्विड पॅराफिन असलेलं सिरप अनेक महिने घेतलं तरी हीच गळती होते, आणि हे सिरप घरोघरी असतं. सेमाग्लूटाइड, टिर्झेपटाइड या वजन कमी करण्याच्या इंजेक्शनांनी शोषणापेक्षा भूक कमी होते. माणूस दिवसभरात दोन घास खातो, तेही बिनतेलाचे, मग डीच्या गोळीला सोबत करायला जेवणच उरत नाही. अशा वेळी दिवसातलं निदान एक जेवण अंडं, दाण्याचं कूट किंवा पनीर घालून ठरवून घ्यावं आणि गोळी त्यालाच बांधावी.

तपासणीबद्दल दोन गोष्टी. लॅबमध्ये "२५ हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी" हीच तपासणी सांगा. "१,२५ डायहायड्रॉक्सी" ही वेगळी आणि महाग तपासणी आहे, साठा किती ते ती सांगत नाही. डोस सुरू केल्यावर किंवा बदलल्यावर तीन महिन्यांच्या आत परत तपासू नका. रक्तातल्या डीचं अर्धायुष्य दोन-तीन आठवड्यांचं असल्याने आकडा स्थिरावायला तेवढा वेळ लागतोच. शक्यतो तीच लॅब ठेवा. केसांसाठी बायोटिनच्या मोठ्या डोसाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारून दोन-तीन दिवस आधी थांबवा, काही यंत्रांवर त्यामुळे डी खोटं जास्त दिसतं. आणि वजन १५-२० किलोने उतरलं की डोसाचा हिशेब नव्याने करा. भांडं लहान झालेलं असतं, चमचा तोच ठेवला तर आता तो जास्त पडेल.

बॅरिएट्रिक, म्हणजे वजन कमी करण्यासाठीची शस्त्रक्रिया झालेल्यांसाठी वरचं बहुतेक गणित लागू राहत नाही. तिच्या स्लीव्ह या प्रकारात पोट लहान होतं, पण आतड्याची वाट तीच राहते. बायपासमध्ये आणि मिनी-बायपासमध्ये अन्नाला पित्त उशिरा भेटतं, मेद पचायला आतड्याची लांबी कमी उरते. ड्युओडेनल स्विच या प्रकारात ती सगळ्यात कमी. अमेरिकन बॅरिएट्रिक सोसायटीच्या २०१६ च्या सूचनांप्रमाणे आकडा ३० च्या वर जाईपर्यंत रोज ३,००० आययू डी-३. स्लीव्ह आणि बायपासला ए ५,००० ते १०,००० आययू, ई १५ मिलिग्रॅम, के ९० ते १२० मायक्रोग्रॅम. ड्युओडेनल स्विचला ए १०,००० आययू आणि के ३०० मायक्रोग्रॅम. बायपासनंतर कॅल्शियम सायट्रेटच्या रूपात घ्यावं, त्याला पोटातल्या आम्लाची गरज लागत नाही. दिवसाचे १,२०० ते १,५०० मिलिग्रॅम दोन-तीन वेळांत विभागून, आणि लोहाच्या गोळीपासून दोन तास दूर. पहिल्या वर्षी तीन, सहा आणि बारा महिन्यांनी, पुढे दरवर्षी रक्त तपासायचं असतं. वजन छान उतरलं, कपडे सैल झाले, की दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी ही तपासणी सुटते आणि साठा नेमका तेव्हाच संपत आलेला असतो. शौचाला तेलकट, तरंगणारं आणि दुर्गंधी होऊ लागलं, हिरड्यांतून रक्त यायला लागलं, जरा आपटलं तरी काळं-निळं पडू लागलं, तर थांबू नका. आणि संध्याकाळी लोकलमधून उतरल्यावर पुलाच्या पायऱ्या नीट दिसेनाशा झाल्या, समोरून येणाऱ्या दिव्यांनंतर डोळ्यांपुढे बराच वेळ अंधार राहू लागला, तर चष्म्याच्या दुकानात जाण्याआधी आपल्या सर्जनला फोन करा आणि व्हिटॅमिन एची तपासणी त्याच आठवड्यात करून घ्या.